यॉर्कटाऊनला हरलेला लाटसाहेब चिकपेटला आला तेव्हा

'कॉलनी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या डोळ्यांसमोर विट्याची शिक्षक कॉलनी येते. दारात तुळस, गेटला गंज, आणि दुपारी सगळे झोपलेले. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत सातवीतला माझा भाचा बेंगळुरूला आला आणि त्याने विचारलं, "मावशी, इंग्रजांची कॉलनी नेमकी कुठं होती? म्हणजे पत्ता काय?" तेव्हा मला हसू आलं. त्याच्या पुस्तकात 'वसाहतवाद' असा जाडजूड शब्द होता. त्याला वाटलं होतं, असेल एखादी वसाहत, एस.टी. कॉलनीच्या पलीकडे.

हसून झाल्यावर लक्षात आलं की पोराचं चुकलेलं नाही. इंग्रजांच्या कॉलनीला खरोखर पत्ता होता. आमच्या दुकानापासून मेट्रोने पाचवं स्टेशन.

आमचं दुकान चिकपेटमध्ये आहे. जिन्याखालची दहा बाय आठची जागा. काम गलाईचं. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी भागातले असाल तर पुढचं सांगायला नको. नसाल तर थोडक्यात सांगते. मोडीचे दागिने मुशीत आटवायचे, टंच काढायचा, शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची. हे काम करणारी आमच्या भागातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत सापडतात. माझे आजोबा, सगळे त्यांना तात्या म्हणायचे, साठच्या दशकात दुष्काळाला कंटाळून इथे आले. मी इथेच जन्मले, इथेच इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. अभ्यासात अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहती होत्या. जेम्सटाऊन, मेफ्लॉवर, सगळं पाठ. पण माझ्या स्वतःच्या शहरात एक इंग्रज गाव शंभराहून जास्त वर्षं वेगळ्या कायद्याने चालत होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. भाच्याने विचारलं.

मग आम्ही दोघं मेट्रोत बसलो.

इकडे पेटे, तिकडे दंडु

बेंगळुरूच्या कँटोन्मेंट स्टेशनचं कन्नड नाव वाचलंत तर गंमत वाटेल. तिथे लिहिलेलं असतं 'बेंगळुरु दंडु'. दंडु म्हणजे सैन्य, लष्कर. आणि आमच्या बाजूचं जुनं शहर म्हणजे 'पेटे', आपली पेठच. चिक म्हणजे लहान, तेव्हा चिकपेट म्हणजे लहान पेठ. मोठी ती दोड्डपेटे, आजचा अव्हेन्यू रोड.

पुण्याच्या वाचकांना हे लगेच कळेल. तिकडे पेठा आणि कॅम्प, इकडे पेटे आणि दंडु. बेळगावातही कॅम्प आहे, नगरला भिंगार कॅम्प, नागपूरजवळ कामठी. जिथे जिथे इंग्रज राहिले तिथे जुन्या बाजारापासून थोडं अंतर ठेवून त्यांनी आपलं वेगळं गाव मांडलं. फार लांब नाही, कारण भाजी, धान्य, कापड, सावकार सगळे जुन्या बाजारातच. फार जवळही नाही.

पेटेतल्या रस्त्यांची नावं वाचा. अक्कीपेटे म्हणजे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची, गाणिगरपेटे तेल्यांची. केंपेगौडाने १५३७ साली हे शहर वसवलं ते असं, कोण काय विकतो त्यावरून. आता दंडुच्या बाजूची नावं घ्या. इन्फंट्री रोड, आर्टिलरी रोड, ब्रिगेड रोड, रेसिडेन्सी रोड. कॅव्हलरी रोड होता, त्याचं आता कामराज रोड झालं. तिकडे रस्ते ओळखायचे ते सैन्याच्या कुठल्या तुकडीवरून. भाच्याने मेट्रोत बसल्या बसल्या मोबाइलच्या नकाशावर ही नावं शोधायला सुरुवात केली आणि मला वाटलं, धड्यातल्या चार पानांपेक्षा याला इथेच जास्त कळेल.

आता थोडं मागे जायला हवं. कारण इंग्रजांनी बेंगळुरूत जे केलं ते त्यांनी आधी दोन ठिकाणी करून पाहिलं होतं. एक ठिकाण अमेरिकेत. दुसरं तुमच्या आमच्या ओळखीचं, मुंबई.

सव्वासात तोळ्यांची मुंबई

एखादी वसाहत कशी सुरू होते असं तुम्हाला वाटतं? जहाज येतं, झेंडा रोवतात, तोफ उडते? तोफ नंतर. आधी कागद येतो.

१६०६ साली इंग्लंडच्या जेम्स राजाने लंडनच्या व्यापाऱ्यांना व्हर्जिनियाची सनद दिली. त्यात जमीन कुठल्या हक्काने धरायची तेही लिहिलं होतं. इंग्लंडातल्या केंट परगण्यात ईस्ट ग्रीनिच नावाची राजाची जहागीर आहे, तिथली जमीन रयत जशी धरते तशीच ही धरायची. म्हणजे अमेरिकेतलं जंगल कागदावर लंडनशेजारच्या एका गावाचा भाग झालं. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांना हे कुणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता ऐका. १६६८ साली दुसऱ्या चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, त्या सनदेतही तेच ईस्ट ग्रीनिच आहे. तीच केंटमधली जहागीर. माझगाव, परळ, माहीम हे सगळं कायद्याने एका इंग्रजी खेड्याच्या हिशेबात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वरून वाचलं.

मुंबई आंदण मिळाली हे आपण सगळे सांगतो. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या लग्नाचा करार १६६१ चा. पण आंदण हातात पडायला चार वर्षं गेली, ती गोष्ट फार कुणी सांगत नाही. सर अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास शिपाई घेऊन १६६२ मध्ये आला. पोर्तुगीज म्हणाले, कागद बरोबर नाही, देत नाही. इंग्रजांना वाटत होतं साष्टी आणि ठाणेही आपल्यालाच मिळणार. पोर्तुगीज म्हणत होते फक्त मुंबई बेट. भांडण मिटेना, तेव्हा ही फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसली. तिथे पाऊस, ताप आणि उपासमार. शिपमन १६६४ मध्ये तिथेच मेला. १८ फेब्रुवारी १६६५ ला त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा त्या चारशेंपैकी शंभराच्या आसपास माणसं उरली होती.

जेम्सटाऊनचंही तसंच झालं होतं. १६०७ मध्ये शंभरावर माणसं उतरली, मागून आणखी आली, आणि १६०९-१० च्या हिवाळ्यात भुकेने इतकी मेली की जेमतेम साठ वाचली. ज्यांनी सनदा लिहिल्या ते लंडनमध्ये सुखरूप होते.

राजाला मुंबई परवडेना. शिपायांचा पगार, तटबंदी, सगळा खर्चच. मग त्याने बेट कंपनीला देऊन टाकलं. भाडं किती? वर्षाला दहा पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. शिवाय कंपनीने राजाला सहा टक्के व्याजाने ५०,००० पौंड कर्ज दिलं, ते वेगळं.

हे मी दुकानात पप्पांना सांगितलं. आमच्या धंद्यात सोनं म्हटलं की माणूस आधी वजन विचारतो. पप्पांनी विचारलं, "दहा पौंड म्हणजे किती ग्रॅम?" त्या काळी इंग्लंडात नुकतीच गिनी निघाली होती. सुरुवातीला एक गिनी म्हणजे एक पौंड. वजन साडेआठ ग्रॅमच्या आसपास, टंच बावीस कॅरेट. दहा गिन्या म्हणजे ८४-८५ ग्रॅम. पप्पांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं, "जुन्या तोळ्याने सव्वासात तोळे."

"वर्षाला?" भाच्याने विचारलं.

"वर्षाला."

"आईच्या लग्नात किती सोनं होतं?"

यावर पप्पांनी उत्तर दिलं नाही. पण हसले.

कारभार कसा चालायचा

बेट घेणं सोपं होतं. तिथे माणसं राहायला आणणं अवघड. मुंबईला हे जमवलं ते जेराल्ड ऑन्जिअर याने. १६६९ ते १६७७ तो गव्हर्नर होता आणि बराच वेळ सुरतेला बसून कारभार बघायचा, कारण तेव्हा कंपनीचं मोठं ठाणं सुरत. त्याने जमीनदारांशी वर्षाला ठरावीक रक्कम देण्याचा करार केला. ८ ऑगस्ट १६७२ ला न्यायालय उघडलं. आणि लहानसहान तंटे ज्या त्या समाजाच्या पंचांनी मिटवावेत असं ठरवलं. व्यापाऱ्यांना त्याने बोलावणी पाठवली, धर्मात कुणी ढवळाढवळ करणार नाही असं लेखी दिलं. दीवचा व्यापारी नीमा पारेख याने १६७७ मध्ये एकेक अट लिहून घेतली आणि मगच यायची तयारी दाखवली. हुशार माणूस. त्या काळचा प्रवासी फ्रायर लिहितो की मुंबईची वस्ती दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली. आकडा थोडा फुगवलेला असेल असं मला वाटतं, पण गाव वाढलं हे नक्की.

मग यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. न्यायालय आलं, पंच आले, धर्माला हात नाही.

उत्तर अमेरिकेत सापडतं. व्हर्जिनियातही आधी कंपनीचाच कारभार होता आणि तो भयंकर कडक होता. पण ३० जुलै १६१९ ला जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये एक सभा भरली. वस्त्यावस्त्यांमधून निवडून आलेली २२ माणसं त्यात होती. तिथल्या इंग्रजांना आपल्या गावाच्या नियमांवर बोलायचा हक्क मिळाला. त्याच उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने, त्याच किनाऱ्यावर पकडून आणलेले वीसेक आफ्रिकी लोक विकले गेले, हेही लक्षात ठेवा. सभा होती ती इंग्रजांची इंग्रजांसाठी.

मुंबईला अशी सभा कधी मिळाली नाही. सनद तीच, ईस्ट ग्रीनिच तेच, मुंबईत राहणारी राजाची प्रजा आणि तिची मुलंबाळं इंग्लंडात जन्मल्यासारखीच समजावीत असंही सनदेत लिहिलेलं. पण कारभार कंपनीचा गव्हर्नर आणि त्याचं कौन्सिल करणार. मुंबईतल्या गोऱ्या शिपायांनाही हे सहन झालं नाही. कंपनीने पगारात कापाकापी केली तेव्हा २७ डिसेंबर १६८३ ला कॅप्टन रिचर्ड केग्विनने बंड केलं, कंपनीच्या माणसाला कैद केलं आणि राजाच्या नावाने जवळजवळ वर्षभर मुंबई चालवली. शेवटी राजानेच हुकूम पाठवला, बेट कंपनीला परत करा. केग्विनला माफी मिळाली. एवढ्यावर ते संपलं.

जिथे इंग्रज मोठ्या संख्येने राहायला गेले तिथे सभा. जिथे त्यांना दुसऱ्यांकडून कर घ्यायचा होता तिथे गव्हर्नर. हा फरक डोक्यात ठेवून आता बेंगळुरूला चला. तुमच्यासोबत एक ओळखीचा माणूस येतोय.

कॉर्नवॉलिस

जेम्सटाऊनपासून यॉर्कटाऊन जेमतेम तीसेक किलोमीटर. म्हणजे इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वस्ती आणि त्यांची शेवटची मोठी हार, दोन्ही एका एस.टी. थांब्याच्या अंतरावर. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनला इंग्रज सैन्याने हत्यारं टाकली. सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस त्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून आलाच नाही. तलवार द्यायला हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवलं.

पाच वर्षांनी, १७८६ मध्ये, हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. आणि ७ मार्च १७९१ ला तो आमच्या पेटेच्या वेशीवर उभा होता.

समोर टिपू सुलतानाचं राज्य. पेटेभोवती तट, खंदक आणि काटेरी झुडपांचं दाट कुंपण. वेस फोडताना इंग्रजांचा लेफ्टनंट कर्नल मूरहाउस मारला गेला. पेटे पडली, मग लुटली गेली. धान्य आणि कापडाचा मोठा साठा सापडला. टिपूने ती परत घ्यायला माणसं पाठवली तेव्हा गल्ल्यांमध्ये हातघाईची लढाई झाली. आज ज्या गल्लीत दुपारी बाराला स्कूटर काढता येत नाही, तिथे ती लढाई मला नीट डोळ्यांसमोर आणता येत नाही. २१ मार्चच्या रात्री किल्लाही पडला. किल्लेदार बहादूरखान लढताना मेला.

आपल्या मराठी माणसांनी एक गोष्ट टाळून पुढे जाऊ नये. या युद्धात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. शहाजीराजांची जहागीर बेंगळुरूत होती, त्यांचा वाडा चिकपेटमध्ये होता असं सांगतात, हे आम्ही इथले मराठी लोक पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने ऐकवतो. पण १७९१ च्या उन्हाळ्यात श्रीरंगपट्टणला निघालेली कॉर्नवॉलिसची फौज उपाशी मरायला लागली, बैल गेले, तोफा स्वतः नष्ट करून मागे फिरायची वेळ आली, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं सैन्य येऊन मिळालं. मराठी छावणीबरोबर भरलेला बाजार होता. इंग्रजांना धान्य मिळालं, चढ्या भावाने का होईना. २७ वर्षांनी, १८१८ मध्ये, त्याच इंग्रजांनी पेशवाई बुडवली. तात्यांना हे ठाऊक होतं. ते म्हणायचे, "धान्य विकलं ते ठीक. गिऱ्हाईक कोण, हे बघायला हवं होतं."

महाराजांची जमीन, रेसिडेंटचा हुकूम

१७९९ मध्ये टिपू पडला. इंग्रजांनी म्हैसूरचं राज्य जुन्या वडेयर घराण्याला परत दिलं. गादीवर बसलेले कृष्णराज पाच वर्षांचेही नव्हते. राज्य परत दिलं म्हणजे काय दिलं? तहानुसार कंपनीचं सैन्य राज्याचं रक्षण करणार आणि त्याबद्दल म्हैसूरने दरसाल सात लाख होन द्यायचे. होन म्हटल्यावर पप्पांनी पुन्हा मान वर केली. एक होन साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर धरला तरी सात लाख होन म्हणजे दोन हजार किलोच्या वर. मुंबईचं भाडं सव्वासात तोळे. म्हैसूरच्या राखणीचं बिल दोन टनांहून जास्त, दर वर्षी. भाच्याला हा हिशेब इतका आवडला की त्याने तो वहीत लिहून घेतला.

त्याच तहात एक कलम होतं. पैसे मिळण्यात अडचण येईल असं वाटलं तर कंपनीने राज्याचा कारभार ताब्यात घ्यावा. ते कलम बत्तीस वर्षांनी वापरलं.

मधल्या काळात दंडु वसला. इंग्रजांची फौज आधी श्रीरंगपट्टणला होती. तिथे तापाने माणसं मरायची. बेंगळुरूची हवा थंड, म्हणून १८०६ ते १८०९ च्या दरम्यान फौज हलसूरजवळ आली. जॉन ब्लेकिस्टन नावाच्या तरुण लष्करी अभियंत्याने आखणी केली. मध्ये परेडचं मैदान, भोवती बराकी, बंगले. सैन्याच्या मागून खानसामे, धोबी, शिंपी, कंत्राटदार आले, बरेचसे तमिळ प्रदेशातून. बघता बघता पेटेपासून तीन-चार किलोमीटरवर दुसरं गाव उभं राहिलं. त्यातल्या देशी बाजाराला ब्लॅकपल्ली म्हणायचे. आज त्याचं नाव शिवाजीनगर आहे. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगितलं की त्यांना कोण आनंद होतो!

१८३०-३१ मध्ये नगर भागात शेतकऱ्यांनी उठाव केला, आणि ते कलम बाहेर आलं. महाराजांना कारभारातून बाजूला करून इंग्रज आयुक्त बसवले. पुढची पन्नास वर्षं राज्य त्यांच्या हाती. त्यातला मार्क कब्बन १८३४ ते १८६१ होता. आजचं राजभवन त्यानेच स्वतःसाठी बांधलेला बंगला आहे. १८६२ मध्ये एकाच बेंगळुरूत दोन नगरपालिका झाल्या, एक पेटेची, एक कँटोन्मेंटची. १ ऑगस्ट १८६४ ला आगगाडी सुरू झाली ती दंडु स्टेशनातून. पेटेच्या बाजूचं स्टेशन नंतर. आणि १८७० मध्ये दोन्ही गावांच्या मध्ये मोठी बाग केली, ती आपण कब्बन पार्क म्हणून फिरतो. सुंदर बाग आहे. पण नकाशा उघडून बघा, ती बरोबर कुठे आहे ते.

आता १८८१ साल. मला या सगळ्या गोष्टीत हेच वर्ष सगळ्यात विचित्र वाटतं. २५ मार्चला इंग्रजांनी म्हैसूरचं राज्य महाराजांना परत केलं. फक्त दंडु ठेवून घेतला. त्याला नाव दिलं सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन. जमीन म्हैसूरची, पण तिथे म्हैसूरचा कायदा नाही, म्हैसूरचं कोर्ट नाही. तिथे इंग्रज रेसिडेंटचा हुकूम. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाण रंगाचार्लू यांनी म्हैसूरच्या प्रतिनिधी सभेची पहिली बैठक भरवली. शेतकरी आणि व्यापारी मिळून १४४ माणसं. अधिकार फारसे नव्हते, गाऱ्हाणं मांडायचं, सरकारचा जमाखर्च ऐकायचा, एवढंच. सभासद श्रीमंत आणि जमीनवाले, हेही खरं. पण पेटेतला व्यापारी तिथे उभा राहून बोलू शकत होता.

दंडुतला शिंपी नाही. तो म्हैसूरच्या कारभारातच नव्हता.

म्हणजे बघा, इंग्रज आपल्याला राज्य करायला शिकवायला आले होते म्हणतात. आणि सभा भरली ती महाराजांच्या हद्दीत. बागेच्या पलीकडे, त्यांच्या स्वतःच्या गावात, १६६८ च्या मुंबईसारखाच कारभार दोनशे वर्षांनीही चालू होता.

(मध्येच एक गंमत. १८९६ पासून विन्स्टन चर्चिल इथल्या दंडुत लष्करी अधिकारी होता. जाताना क्लबात तेरा रुपयांची उधारी ठेवून गेला. त्या जुन्या खातेवहीतली नोंद बेंगळुरू क्लबने जपून ठेवली आहे. पप्पा म्हणाले, आमच्या वहीत असता तर तोही वसूल केला असता.)

"मग आपण पण कॉलनीच का?"

परत येताना मेट्रोत भाचा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं भूक लागली. मॅजेस्टिकला गाडी बदलताना त्याने विचारलं, "मावशी, पणजोबा पण बाहेरूनच आले ना? इथं दुकान टाकलं. आपली माणसं बोलावली. मग आपण पण कॉलनीच का?"

मला उत्तर आलं नाही. खरं सांगते, जरा लागलंच. मी इथे जन्मले तरी रिक्षात कुणी ना कुणी विचारतंच, 'नीवु यल्लिंदा?', तुम्ही कुठल्या? विट्याला गेले की तिथे मी बेंगळुरूची. प्रश्न माझ्या ओळखीचा होता, फक्त तो इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता.

दुकानात आल्यावर त्याने तोच प्रश्न पप्पांना विचारला. पप्पा भट्टीसमोर होते. मूस लाल झाली की ते कुणाशी बोलत नाहीत, म्हणून आम्ही थांबलो. सोनं ओतून झालं, हात पुसले, मग म्हणाले, "तात्या आले तेव्हा घरमालकानं पहिल्या दिवशी काय सांगितलं ठाऊक आहे? भाडं एक तारखेला, आणि दुकानात कन्नड बोलायचं. तात्यांनी सहा महिन्यांत कन्नड शिकून घेतलं. मालक गेला तेव्हा खांदा द्यायला तात्या होते. भांडण झालं तर इथल्याच पोलिसात जायचं, इथल्याच कोर्टात. विट्याचा कायदा घेऊन कुणी आलं नव्हतं."

"आणि इंग्रज?"

"ते भाडं घ्यायला आले होते."

भाच्याने यावर लगेच दुसरा प्रश्न काढला. मग ज्या तमिळ शिंप्याला इंग्रजांनी दंडुत आणलं, तो कोण? इंग्रजांकडचा की आपल्यातला? त्यावर पप्पांकडेही पटकन उत्तर नव्हतं. म्हणाले, "तो आपल्यासारखा. पोटासाठी आलेला." मग थोडं थांबून, "पण त्याला तक्रार करायला जागा नव्हती. आपल्याला आहे. रस्ता खोदून ठेवला की मी वॉर्ड ऑफिसात जाऊन ओरडतो की नाही?" ओरडतात. ते मी पाहिलंय. कन्नडमध्ये ओरडतात आणि मध्येच एखादी शिवी मराठीत येते.

दंडु म्हैसूरला परत मिळाला तो २६ जुलै १९४७ ला. स्वातंत्र्याच्या अवघे वीस दिवस आधी. पेटे आणि दंडु यांची मिळून एक महानगरपालिका झाली १९४९ मध्ये. म्हणजे तात्या आले तेव्हा हे शहर एक होऊन वीस वर्षंही झाली नव्हती. ते म्हणायचे, तेव्हाची म्हातारी माणसं एम.जी. रोडला जायचं असलं तर 'दंडुला जाऊन येतो' म्हणत, जणू परगावी निघालेत.

भाचा विट्याला जायच्या आदल्या दिवशी आम्ही किल्ला बघायला गेलो. चिकपेटहून चालत, के. आर. मार्केटच्या फुलांच्या ढिगांमधून. किल्ल्याचा आता थोडाच भाग उरला आहे. भिंतीत एक दगडी पाटी आहे, २१ मार्च १७९१ ला इंग्रजांनी याच खिंडारातून हल्ला केला असं सांगणारी. तुम्ही कधी आलात तर सकाळी या, दुपारी ऊन फार असतं. पाटी इंग्रजीत आहे. भाच्याने ती अडखळत वाचली, मग विचारलं, "यात बहादूरखानाचं नाव का नाही?"

मी म्हटलं, पाटी कुणी लावली ते बघ.

त्याने मोबाइल काढून पाटीचा फोटो घेतला. मग वही उघडली, सव्वासात तोळ्यांच्या हिशेबाखाली 'बहादूरखान, किल्लेदार' असं लिहिलं, आणि म्हणाला, चल, आता मसाला डोसा.